खिडकीखालचा ओटा

फाइल नेहमीसारखीच आली. साइटवर लिहिलेला मापांचा कागद स्कॅन केलेला, सोबत मोबाइलवर काढलेले काही फोटो. गिऱ्हाइकाच्या नावाच्या चौकटीत तिच्या पूर्वीच्या नवऱ्याचं नाव होतं. तिने ते वाचलं, खालचा पत्ता वाचला, चहाचा कप उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला आणि पहिला फोटो उघडला.

तोच ओटा होता. खिडकीच्या कोपऱ्यातली फुटकी फरशी तशीच होती आणि तिच्यावर तीच चिकटपट्टी होती, फक्त पट्टीचा रंग आता चहासारखा झाला होता. सात वर्षं ती त्या ओट्यासमोर उभी राहिली होती. तिने फोटो मोठा करून बघितला, मग लहान केला. आत काही हललं नाही.

ती काम करायची ते दुकान मापाप्रमाणे स्वयंपाकघरं बनवून द्यायचं. पुढे शोरूम, मागे ऑफिस. एक माणूस घरोघरी जाऊन मापं घेऊन यायचा. त्याला सगळे मापाडीच म्हणत, आणि त्यालाही आता स्वतःचं नाव ऐकलं की दचकायला व्हायचं. त्याच्या मापांवरून ती कॉम्प्युटरवर ओटा, कपाटं, ट्रॉल्या असं सगळं उभं करायची आणि त्याची ड्रॉइंगं काढायची. पूर्वी तेवढंच असायचं. गिऱ्हाईक रेघा आणि आकडे बघून मान डोलवायचं, सही करायचं, आणि कपाटं बसली की म्हणायचं, "हे असं कुठे ठरलं होतं?" मालक या प्रकाराने टेकीला आले होते. म्हणून मग तिने प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात चित्र टाकायला सुरुवात केली. कॉम्प्युटरमधल्या त्याच मॉडेलवर लाकडाचा पोत, काचेची चमक, खिडकीचा उजेड आणि सावल्या चढवायच्या, की फोटो काढल्यासारखं चित्र तयार होतं. त्याला रेंडर म्हणतात. ते शीटवर बसवायचं, आणि ते कुठे उभं राहून बघितलंय तेवढा बाण खालच्या नकाशात दाखवायचा. तेव्हापासून भांडणं निम्म्याने कमी झाली. बसवणारे सुतारसुद्धा आधी चित्र बघत आणि मग आकड्यांकडे वळत.

हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं ती मालकांना सांगू शकली असती. पण मग का ते सांगावं लागलं असतं. घटस्फोटाचं ऑफिसात माहीत होतं, नवऱ्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आणि सांगायचं तरी काय? मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. दोघं बोलायचे हळूहळू बंद झाले आणि एक दिवस कागदावर सह्या केल्या. लोकांना यात गोष्ट सापडायची नाही आणि ते आणखी काही विचारत बसायचे. त्यापेक्षा स्वयंपाकघर काढणं सोपं होतं.

वेगळं झाल्यापासून तिचं असंच चाललं होतं. दाढ काढताना दिलेलं इंजेक्शन उतरायचंच राहून जावं, तसं. गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही. बहीण फोन करून विचारायची, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." ते खोटंही नव्हतं.

ती मापं भरू लागली. खिडकीच्या भिंतीशी आली तेव्हा हात थांबला. कागदावरचा आकडा मोठा होता. त्या कोपऱ्यात, जुन्या कपाटाच्या मागे, वरच्या मजल्यावरून आलेला पाइप होता आणि त्याच्याभोवती फरशीची पेटी बांधलेली होती. कपाट पुढे असल्यामुळे मापाड्याला ती दिसलीच नव्हती. याच मापाने ओटा कापला असता तर तो बसलाच नसता.

तिने त्याला हाक मारली. "कोपऱ्यातलं कपाट सरकवून परत मोज."

"ते भिंतीत बसवलंय. सरकत नाही."

"सरकतं. खालची पट्टी काढ आधी."

मापाडी तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"फोटोत पट्टीचे स्क्रू दिसतायत," ती म्हणाली. दिसतही होते.

तो कुरकुरत गेला आणि दुपारी नवा आकडा घेऊन आला. चेहरा एखादा सिद्धपुरुष भेटल्यासारखा झाला होता. "पाइप निघाला मॅडम. मी त्यांना सांगितलं, आमच्या मॅडमनी इथे पाऊल न टाकता ओळखला. त्यांच्याकडच्या आजी तर मला उलटतपासणीच करायला लागल्या."

ती आकडा दुरुस्त करून पुढे गेली.

ओटा किती उंच करायचा ते स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरतं. कागदावर एकाच बाईची उंची लिहिली होती, आणि ती बाई चांगली उंच होती. घरात माणसं तीन. नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिसरी म्हणजे सासूबाई. मापाड्याने त्यांची उंची विचारली नव्हती, कारण छापील कागदात तशी जागाच नव्हती. उंच बाईच्या मानाने ओटा नऊशे मिलिमीटर आला. वरची कपाटं छताला भिडलेली. ओटा भिंतीपासून भिंतीपर्यंत एका रेषेत हवा, अशी गिऱ्हाइकाची खास सूचना होती. तिने सगळं तसंच काढलं. ड्रॉइंगात एकही चूक नव्हती.

काढता काढता तिच्या मनात एकच गोष्ट येऊन गेली. ती सात वर्षं म्हणत होती, ओटा बदलू या. तो म्हणायचा, "बघू नंतर." हिच्यासाठी लगेच बघितलं. यावर आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग रेंडरच्या तयारीला लागली.

चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून माणसं टाकायची असतात. त्यांची एक लायब्ररीच असते. त्यात फळं कापताना विनाकारण हसणारी बाई असते, कॉफीचा मग धरलेला पुरुष असतो, फुगा घेतलेलं पोर असतं. बहुतेक वेळा ती हसणारी बाई उभी करायची. त्या दिवशी तिने लायब्ररीतला रस्त्याचा विभाग उघडला. फुटपाथच्या आणि बागेच्या चित्रांसाठी केलेली एक म्हातारी बाई त्यात होती. तिने ती घेतली, हातातली काठी पुसली, आणि बाईची उंची कमी करत करत स्वतःच्या खांद्याएवढी केली. सासूबाई तेवढ्याच होत्या. मग तिला ओट्यापुढे उभं केलं आणि एक हात वरच्या कपाटाकडे उचलला.

ओटा म्हातारीच्या छातीला लागत होता. हात कपाटाच्या खालच्या कडेपर्यंतही पोचत नव्हता.

तिने चित्र शीटवर बसवलं, बाण काढला आणि मालकांकडे पाठवून दिलं. का केलंस असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. मालकांनी फक्त लाकडाचा रंग बघितला.

चारेक दिवसांनी नवी बायको ड्रॉइंग बघायला आली. एकटीच. मालकांनी तिला हँडलांचे नमुने ठेवलेल्या काचेच्या खोलीत बसवलं आणि ड्रॉइंग समजावून सांगायला मॅडमना पाठवलं. बाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. शीट समोर आल्यावर तिने स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि कागद नाकाशी नेऊन बघायला लागली.

"ह्या कोण?" तिने चित्रावर बोट ठेवलं.

"लायब्ररीतल्या आहेत. अंदाज यावा म्हणून माणूस टाकतो आम्ही."

"बाहेरच्या पोस्टरवर तर हसरी मुलगी आहे."

"हो. तीही टाकतो."

नवी बायको पुन्हा कागदात गेली. "ह्यांचा हात पोचत नाहीये."

"नाही पोचत."

"ओटा छातीला लागतोय." तिने बोट चित्रावरून बाजूच्या मापांवर नेलं. "मी आकडे वाचले होते तुमचे. नऊशे का काय ते. मला वाटलं, बरोबर असेल."

"बरोबरच आहे. तुमच्या उंचीला."

नवीने कागद खाली ठेवला, चष्मा घातला आणि आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. बघण्यात वाकडं काही नव्हतं. नंबर तपासताना बघावं तसं बघत होती.

"ते कपाट सरकतं हे आमच्या घरात फक्त सासूबाईंना माहीत होतं," ती म्हणाली. "तो मोजणारा पाइपाचं कौतुक सांगायला लागला, तर त्यांनी त्याला विचारलं, तुमच्या मॅडम दिसायला कशा आहेत. त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. आणि आत जाऊन बसल्या."

आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. छातीत धडधड, किंवा कानशिलं तापणं, असं काही. खोलीतला एसी घुमत होता. तिने समोरचं एक हँडल उचलून त्याच्या खोक्यात नीट ठेवलं.

"तुम्हाला अवघड वाटत असेल तर मालकांना सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून—"

"दुसरं कोण आहे?"

"तसं कुणी नाही. मीच आहे."

"मग झालं तर." नवी किंचित हसली. "मला नाही अवघड वाटत. म्हणजे वाटतंय थोडं. पण ते काय, मला नव्या जागी सगळीकडेच वाटतं." मग चित्राकडे बघत तिने विचारलं, "आधीपासून स्टुलावरच चढतात का त्या?"

"हो. एकदा पडल्या होत्या. मनगट मोडलं. तेव्हाही मी म्हटलं होतं, हे सगळं बदलू या."

"आणि ते म्हणाले, बघू नंतर."

तिने मान वर केली.

"मलाही तेच म्हणाले," नवी म्हणाली. "दोनदा म्हणाले. मी तिसऱ्यांदा विचारलंच नाही. सरळ तुमच्या दुकानात येऊन त्यांच्या नावाने नोंदणी केली. मोजायला माणूस आला तेव्हा त्यांना कळलं. मग एका रेषेत हवा, अमुक रंग हवा, सगळं सुचायला लागलं."

म्हणजे त्याने कुणासाठीच काही बघितलं नव्हतं. तिने हे मनात एकदा नीट मांडून पाहिलं. आपणही असंच एखाद्या दुकानात जाऊ शकलो असतो, हेही तिच्या लक्षात आलं. सात वर्षांत ते सुचलं नव्हतं. ती विचारत राहिली होती, आणि उत्तराची वाट पाहायची सवय लागली होती. या विचारानेही फार दुखलं नाही. पायाला मुंग्या आलेल्या असताना कुणी बोट लावावं, तेवढंच जाणवलं.

"खिडकीखालचा भाग खाली घेता येईल," ती म्हणाली. "पाइपाच्या पेटीपासून खिडकीच्या कडेपर्यंत. भांड्यांचं फडताळही तिथे त्यांच्या हाताशी. बाकी ओटा तुमच्या मापाचा राहील."

"छान होईल. पण मध्ये पायरी येणार. ते नाही म्हणतील."

"मापं सांगितली तर नाही म्हणतील. चित्र दाखवलं तर आधी बघतील."

"बघतात खरं," नवी म्हणाली, आणि एकाच माणसाबद्दल एकच गोष्ट माहीत असल्यासारख्या दोघी पुन्हा शीटवर वाकल्या.

ती कामाला लागली. खिडकीखालचा ओटा उतरवला, त्याच्यावर बुटकी कपाटं घेतली. पहिलं चित्र तिने नेहमीप्रमाणे दारातून काढलं. ते भयंकर दिसलं. मध्येच ओटा खचल्यासारखा वाटत होता. मापाडी मागून डोकावून म्हणाला, "मॅडम, घराचा पाया गेला काय?"

"गप्प बस."

तिने कॅमेरा हलवला. सिंकपाशी नेला, मग पॅसेजमध्ये. मग जेवायच्या टेबलाशी, भिंतीकडच्या खुर्चीवर, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतका खाली घेतला. तो रोज तिथेच बसायचा. पेपर धरून, मधूनमधून खिडकीकडे बघत. तिथून बघितल्यावर उतरलेला भाग खिडकीला जोडून केल्यासारखा वाटायला लागला. तिने सूर्य सकाळचा ठेवला. त्या खिडकीत ऊन सकाळीच यायचं, ते उगाच सजवलेलं नव्हतं. ऊन बुटक्या ओट्यावर पडून पुढे जमिनीवर उतरत होतं. उंच ओट्याशी तिने एक उंच बाई उभी केली आणि खिडकीशी ती म्हातारी.

रेंडरला वेळ लागतो. आधी पडद्यावर नुसती राखाडी रवाळ धूळ दिसते, मग एकेक चौकोन स्वच्छ होत जातो. ती खुर्चीत मागे टेकून बघत बसली. म्हातारीचे हात स्वच्छ झाले, मग खिडकीचे गज. कधीकाळी आपण तिथे होतो, ही माहिती तिला होती. एखाद्याला आपला रक्तगट माहीत असतो तशी.

शीटवर बसवताना तिने चित्र अर्ध्या कागदाएवढं मोठं केलं. मापाडी म्हणाला, "ड्रॉइंग आहे का कॅलेंडर?" तिने सगळी मापं मात्र बाजूला स्पष्ट लिहिली, पायरीची उंचीसुद्धा. लपवलं काहीच नव्हतं.

सही करायला तो आणि नवी दोघं आली. तिला वाटलं होतं, मालक परस्पर उरकतील. पण मालक बँकेत गेले होते, त्यामुळे शीट घेऊन तीच काचेच्या खोलीत गेली.

तो खुर्चीवरून अर्धवट उठला. नवीने त्याला काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. केस कमी झाले होते. शर्ट नवा होता.

"तू इथे असतेस?"

"हो."

"बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे."

 तिने शीट टेबलावर पसरलं. तो चित्र बघायला लागला, आणि बघता बघता खरोखरच बघायला लागला. पेपरात एखादा चांगला फोटो आला की असाच वाकायचा.

"हे कुठून दिसतं असं?"

"जेवायच्या टेबलाच्या खुर्चीवरून," ती म्हणाली. "भिंतीकडच्या."

त्याने चित्र जवळ ओढलं. मग बोटाने दाखवून म्हणाला, "हा भाग खाली का आहे?"

"आईंसाठी," नवी म्हणाली.

"आई मला काही बोलली नाही कधी."

 बाहेर शोरूममध्ये कुणीतरी एक कपाट उघडून बघत होतं. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, पेन मागितलं आणि सही केली. तिने पेन परत घेतलं, टोपण लावलं.

जाताना दारात तो थांबला. "तो पाइप. मला माहीत नव्हतं तिथे पाइप आहे ते."

"माहीत असायचं काही कारण नव्हतं," ती म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. तसंच होतं म्हणून.

महिन्याभरात स्वयंपाकघर बसलं. मापाडी फोटो घेऊन आला आणि ओटा केसभरही इकडेतिकडे झाला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. एका फोटोत सासूबाई होत्या. बुटक्या ओट्यावर दोन्ही पंजे टेकवून त्या कॅमेऱ्याकडे असं बघत होत्या, जणू मापाड्याने काहीतरी चोरलं आहे. तिने फोटो त्या कामाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि काम पूर्ण झाल्याची खूण केली.

त्यानंतर आठवड्याभराने, जेवणाची सुटी संपता संपता ऑफिसच्या फोनची घंटा वाजली. तिनेच उचलला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. सासूबाई फोनवर कधीच नाव सांगत नसत. वेगळं झाल्यापासून त्या दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या. एकत्र राहत असतानाही फार बोलत होत्या असं नाही.

"बोला, आई."

"ओटा बरोबर आहे."

"बरं झालं."

"कोपर दुखत नाही आता." मग जरा थांबून, "पण एक तक्रार आहे. तुमच्या मालकांना सांग."

तिने सवयीने पेन उचललं. "काय झालं?"

"ड्रॉवर आदळत नाहीत."

"म्हणजे?"

"कितीही जोरात ढकला, शेवटी आपले हळूच जाऊन बसतात. आवाज नाही काही नाही."

"तशीच व्यवस्था असते आत. मुद्दाम केलेली. आवाज होऊ नये म्हणून."

"ते कळलं मला. पण माणसाने चिडल्यावर करायचं काय? काल तासभर चिडलेली होते मी. कुणाला पत्ताच लागला नाही."

ती हसली. आवाज तिच्या घशातून इतका अचानक निघाला की शेजारच्या टेबलावर मापाडी दचकला. तिने तोंडावर हात ठेवला, तरी हसू थांबेना. पलीकडे सासूबाई गंभीरपणे वाट बघत होत्या.

"साधे लावून देऊ का?" ती कशीबशी म्हणाली. "आदळणारे?"

"नको. हिला नाही आवडायचं. चांगली आहे ती." मग म्हणाल्या, "ये कधीतरी, असं मी म्हणणार नाही. तुला जड जाईल."

"हो. जाईल."

"म्हणून म्हणत नाही. एरवी म्हटलं असतं." आणि फोन बंद झाला.

ती रिसीव्हर हातात घेऊन तशीच बसली. मापाड्याने विचारलं, "काय, कम्प्लेंट आहे का?" ती म्हणाली, "नाही." नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांच्या मागे गरम गरम व्हायला लागलं होतं, आणि सगळं अंग एकाएकी जड झालं होतं. मालक आले तेव्हा तिने उरलेल्या दिवसाची सुटी मागितली. आजवर तिने अशी सुटी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांनी कारण विचारलं.

"झोप आलीय," ती म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि जा म्हणाले. ती घरी गेली, चपला दारातच काढल्या, आणि कपडे न बदलता पलंगावर आडवी झाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कानापर्यंत ओघळलं, तिने पुसलं नाही. मग तिला गाढ झोप लागली. उठली तेव्हा बाहेर अंधार पडला होता, उशी एका बाजूने ओली होती, आणि तिला कडकडून भूक लागली होती.